रकान्याबाहेरची आई

अल्पवयीन मातेबद्दल आपल्या व्यवस्थेची एकच इच्छा आहे: ती नसावी. इच्छा चांगली आहे. पण धोरण लिहिताना या इच्छेलाच वस्तुस्थितीचा मान मिळतो. ती नसावी, म्हणून ती नाहीच असे धरून योजना आखल्या जातात, अर्ज छापले जातात, वयाच्या अटी ठरतात. मग सतरा वर्षांची गरोदर मुलगी खरोखरच समोर येऊन उभी राहिली की तिला कुठे लिहायचे हे कोणालाच कळत नाही.

आणि ती येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. बीडमध्ये हे प्रमाण चव्वेचाळीस टक्क्यांच्या जवळ आणि परभणीत अठ्ठेचाळीस टक्के होते. सर्वेक्षणाच्या वेळी 15 ते 19 वयोगटातल्या 7.6 टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. या आकड्यात अठरा-एकोणीस वर्षांच्या, म्हणजे कायद्याने सज्ञान मुलीही आहेत हे खरे. त्या वजा केल्या तरी ज्या उरतात, त्यांच्याबद्दल हा लेख आहे. आणि त्यांच्या नावाने ‘धोरणवकिली’ शिकायला निघणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दलही.

समाजकार्य, कायदा, सार्वजनिक आरोग्य, लोकधोरण अशा अभ्यासक्रमांत आता इंटर्नशिप सक्तीची झाली आहे. बालविवाह आणि किशोरवयीन मातृत्व हा विषय संस्थांकडे असतोच, आणि विद्यार्थी आनंदाने तो घेतात. मग त्यांच्या वाट्याला ठरलेली कामे येतात. शाळेत शपथ घ्यायची, प्रभातफेरी काढायची, पथनाट्य बसवायचे, वस्तीत जाऊन प्रश्नावली भरून आणायची आणि शेवटी दोन-तीन ‘केस स्टडी’ जोडून अहवाल द्यायचा. हे जनजागरण आहे आणि त्याला त्याची जागा आहे. पण याला धोरणाचे काम म्हणता येणार नाही. शपथ मुलांनी आणि आईबापांनी घ्यायची असते. धोरणाच्या कामात उत्तर शासनाने द्यायचे असते. आपण विद्यार्थ्यांना पहिल्या कामात गुंतवतो आणि प्रमाणपत्र दुसऱ्याचे देतो.

या क्षेत्रातल्या इंटर्नचे खरे कार्यक्षेत्र वस्ती नसून फाइल आहे, असे माझे म्हणणे आहे. ऐकायला ते रुक्ष वाटेल. पण अल्पवयीन आई नेमकी कुठे हरवते याचा शोध घेत गेलो, तर बहुतेक वेळा आपण शासन निर्णयातल्या एखाद्या अटीपाशी, अर्जातल्या एखाद्या रकान्यापाशी किंवा दोन कायद्यांच्या मधल्या फटीपाशीच येऊन थांबतो.

आधी पैशाचे पाहू. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा स्त्रीला पोषण आहार आणि किमान सहा हजार रुपयांचा मातृत्व लाभ देऊ केला. सरकारी नोकरी किंवा अन्य कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या. कलमात वयाचा उल्लेख नाही. मात्र लाभ ‘केंद्र सरकार आखील त्या योजनांच्या अधीन राहून’ मिळेल असे तिथे म्हटले आहे, आणि वयाची अट शिरली ती या योजनांमधून. 2010 मध्ये सुरू झालेल्या इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजनेने एकोणीस वर्षांची अट घातली होती. आजच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतही अठरा पूर्ण न झालेली आई बसत नाही. संसदेने ‘प्रत्येक’ म्हटले आणि मार्गदर्शक सूचनांनी ‘प्रत्येक’मधून काही जणी वगळल्या. ज्यांचे शरीर बाळंतपणाला अजून पुरेसे तयार नाही, ज्यांना रक्तक्षय, झटके येणे, कमी वजनाचे बाळ यांचा धोका जास्त, नेमक्या त्याच वगळल्या गेल्या.

अशी अट हटू शकते याचा पुरावाही फाइलमध्येच सापडतो. 2005 पासून सुरू असलेल्या जननी सुरक्षा योजनेत, महाराष्ट्रासारख्या संस्थात्मक बाळंतपणात पुढे मानलेल्या राज्यांसाठी, एकोणीस वर्षांची आणि दोन अपत्यांची अट होती. रक्कम मोठी नव्हती, ग्रामीण भागात सातशे रुपये. पण त्या अटीमुळे सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या सर्वांत कोवळ्या आणि सर्वांत थकलेल्या बायकांना नाही म्हटले जात होते. 2013 मध्ये दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांसाठी या दोन्ही अटी काढून टाकल्या गेल्या. त्याने आभाळ कोसळले नाही. एका योजनेतून निघालेली अट दुसऱ्या योजनेत का टिकून आहे, हा प्रश्न एखाद्या इंटर्नने नीट टिपण करून आमदाराच्या हातात दिला, तर त्याचा तारांकित प्रश्न होऊ शकतो. प्रभातफेरीचा होत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो. अल्पवयीन आईला पैसे दिले तर बालविवाहाला उत्तेजन मिळेल. हा आक्षेप सद्भावनेने घेतला जातो, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. मातृत्व लाभाच्या चार पैशांसाठी कोणी पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न लावत नाही. बीड-परभणीत लग्ने लवकर का होतात हे तिथल्या कोणालाही विचारा. ऊसतोडीला मुकादम उचल देतो ती जोडीला, नवराबायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाचा अर्धाच कोयता. आईबाप सहा-सहा महिने फडावर गेले की वयात आलेल्या मुलीला घरी कोणाच्या भरवशावर ठेवायचे ही चिंता. गावातली शाळा सातवी-आठवीला संपते आणि पुढची शाळा लांब. मुलगी जितकी मोठी तितका हुंडा मोठा. या कारणांच्या यादीत मातृत्व लाभ कुठेच नाही. लग्न रोखायचे असेल तर या कारणांना हात घालावा लागेल. हंगामी वसतिगृहे, मुलींची वाहतूक, मजुरीची पद्धत यांवर खर्च करावा लागेल. त्याऐवजी आधीच लग्न झालेल्या मुलीचा लाभ कापणे म्हणजे बापाच्या निर्णयाचा दंड लेकीकडून वसूल करणे.

हा आक्षेप नवाही नाही. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा इथेच ठेवावे, अशी ती सोय होती. बालविवाहाच्या चालीमुळे या विधवांमध्ये कोवळ्या वयाच्या मुली किती असतील हे सांगायला नको. अशा सोयीने अनाचार माजेल हा युक्तिवाद त्या पुण्यात किती जोरात होत असेल याची कल्पना करता येते. फुल्यांनी नीतीचा वाद घालत बसण्यापेक्षा समोरच्या बाईला जागा दिली आणि तिच्या मुलाला जगवले. 1874 मध्ये तिथे आलेल्या एका विधवेचे मूल त्यांनी दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. प्रतिबंध आणि आधार ही दोन्ही कामे एकाच दाराआड होऊ शकतात हे महाराष्ट्राला एकशे साठ वर्षांपूर्वी दाखवून झाले आहे.

आता कायद्यांच्या मधली फट. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने संमतीचे वय अठरा केले. त्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याची माहिती ज्या कोणाला असेल त्याने ती पोलिसांना दिलीच पाहिजे. न दिल्यास एकविसाव्या कलमाखाली शिक्षा आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडिपेंडंट थॉट’ खटल्यात पंधरा ते अठरा वर्षांच्या पत्नीबाबत बलात्काराच्या कायद्यात नवऱ्याला असलेली सूट काढून घेतली. तत्त्व म्हणून निर्णय योग्यच होता. पण याचा प्राथमिक आरोग्य केंद्रातला अर्थ काय? सोळा-सतरा वर्षांची मुलगी नाव नोंदवायला आली की डॉक्टरला ती रुग्ण म्हणून दिसते आणि गुन्ह्याचा पुरावा म्हणूनही. तिला तपासणे त्याचे काम आहे आणि कळवणेही. मुलीच्या घरच्यांना हे ठाऊक असते. आशाताईलाही असते, आणि तिला त्याच गावात राहायचे असते. अशा वेळी खरे वय सांगण्यात कोणाचाच फायदा नसतो. एक तर वय वाढवून सांगायचे किंवा दवाखान्यात जायचेच नाही, हे दोनच मार्ग घरच्यांना दिसतात.

हा धाक टोकाला गेला की काय होते ते आसामात दिसले. 2023 च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारने बालविवाहाविरुद्ध मोहीम काढली आणि थोड्याच दिवसांत तीन हजारांहून अधिक लोकांना अटक केली. कमावता नवरा तुरुंगात आणि गरोदर बायको पोलीस ठाण्याच्या दारात, अशी दृश्ये देशाने पाहिली. अटकेच्या भीतीने मुली दवाखान्यांपासून दूर राहू लागल्याच्या बातम्या आल्या. या कारवाईने लोकांच्या खासगी आयुष्यात हाहाकार उडवला असल्याचे गुवाहाटी उच्च न्यायालयाला म्हणावे लागले. जिच्या रक्षणासाठी कायदा, तिलाच त्याचा पहिला फटका बसला.

सर्वोच्च न्यायालयाने या फटीत एक फळी टाकली आहे. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात, अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व पालकाने विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव व ओळख देण्याची गरज नाही असे न्यायालयाने सांगितले. पण ही सवलत गर्भपाताच्या संदर्भात आहे. जी मुलगी मूल ठेवणार आहे, किंवा जिच्यासाठी गर्भपाताची मुदत उलटून गेली आहे, तिच्या गरोदरपणातल्या तपासण्यांचे काय? तिथे डॉक्टरला अशी स्पष्ट मोकळीक नाही. आधी उपचार, मग कळवणे, आणि कळवताना मुलीची ओळख व इच्छा जपणे, एवढी साधी कार्यपद्धती राज्याच्या आरोग्य खात्याला परिपत्रकाने घालून देता येईल. तिचा मसुदा लिहिणे हे कायद्याच्या विद्यार्थ्याला सहज जमणारे काम आहे.

इथे एक सावधगिरी हवी. अल्पवयीन मातृत्वाकडे सहानुभूतीने पाहताना त्यातल्या हिंसेवर पांघरूण घालता कामा नये. नात्यातल्या माणसाने अत्याचार केलेली तेरा वर्षांची मुलगी, आईबापांनी तिशीच्या माणसाशी लग्न लावलेली पंधरा वर्षांची मुलगी आणि बरोबरीच्या मुलासोबत पळून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, या तिघींना कायदा एकाच चौकटीत बसवतो. तिघींचे प्रश्न मात्र वेगळे आहेत. पहिलीला न्याय आणि आसरा हवा. तिच्यासारख्यांसाठी केंद्राने जुलै 2023 मध्ये निर्भया निधीतून 74.10 कोटींची योजना आणली. दुसरीला सांगायला हवे की 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या तिसऱ्या कलमाखाली, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, ती आपले लग्न रद्द करून घेऊ शकते, तिला पोटगी मिळू शकते आणि तिचे मूल औरस मानले जाते. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक असतो. लग्न थांबवण्याची जबाबदारी त्याला माहीत असते, पण लग्न झालेल्या मुलीला हे हक्क सांगणे कोणी आपले काम मानत नाही.

तिसरीबद्दल 23 मे 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. प्रकरण पश्चिम बंगालमधल्या, घर सोडून गेलेल्या एका अल्पवयीन मुलीचे. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने आरोपीचा दोष कायम ठेवूनही, राज्यघटनेच्या 142 व्या कलमाचा वापर करून त्याला शिक्षा दिली नाही. त्या मुलीला गुन्ह्यापेक्षा पोलीस, खटला आणि आरोपीला सोडवण्याची धडपड यांनीच अधिक छळले, समाज, कुटुंब आणि कायदा या सगळ्यांनी तिच्यावर अन्याय केला, हे न्यायालयाने मान्य केले. तिच्या शिक्षणाची आणि मुलाच्या संगोपनाची जबाबदारी राज्यावर टाकली. हा निकाल एका मुलीपुरता आहे. तसे शिक्षण आणि तसा आधार बाकीच्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत न जाता मिळावा, यासाठीच धोरण लागते.

शिक्षणाचेच पाहा. गरोदर मुलीला शाळेतून काढा असा नियम आपल्याकडे नाही. काढू नका असा स्पष्ट नियमही नाही. सगळे मुख्याध्यापकांच्या मनावर आणि गावाच्या कुजबुजीवर सोडलेले आहे. अमेरिकेत 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर 1975 मध्ये नियम आले: सरकारी मदत घेणाऱ्या शाळेला गरोदरपणामुळे मुलीला वगळता येणार नाही, वेगळ्या वर्गात तिच्या मर्जीविना ढकलता येणार नाही, डॉक्टर म्हणतील तितकी रजा द्यावी लागेल आणि परतल्यावर पूर्वीची जागा द्यावी लागेल. त्याने किशोरवयीन मातृत्व बोकाळले का? 1991 मध्ये तिथे 15 ते 19 वयाच्या दर हजार मुलींमागे 61.8 बाळंतपणे होत होती. 2023 मध्ये ती तेराच्या आसपास आली. या घसरणीचे श्रेय एका नियमाला देता येणार नाही, पण आधार दिल्याने प्रमाण वाढते हा दावा तरी त्यात टिकत नाही. आफ्रिकेतही हाच वाद झाला. सिएरा लिओनने 2015 मध्ये गरोदर मुलींना शाळाबंदी केली. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयाने ती भेदभाव ठरवल्यावर मार्च 2020 मध्ये ती उठली. टांझानियात राष्ट्राध्यक्ष मगुफुली यांनी 2017 मध्ये अशा मुलींना शाळेत परत घेणार नाही असे जाहीर केले होते. नोव्हेंबर 2021 मध्ये त्यांच्यानंतरच्या सरकारने ते धोरण बदलले. दोन्ही ठिकाणी बंदीमागचे कारण ‘इतर मुली बिघडतील’ हेच होते.

आपल्याकडे अशा मुलीला फार तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसण्याचा सल्ला मिळतो. वाट म्हणून तो वाईट नाही. पण बाळाला कुठे ठेवायचे, परीक्षेच्या काळात दूध कसे पाजायचे, वर्गातल्या हजेरीचे काय, याचे उत्तर त्या फॉर्ममध्ये नाही. हजेरीत सूट, शाळेजवळच्या अंगणवाडीत पाळणाघर, परीक्षा केंद्रावर बाळासह येण्याची मुभा आणि पुनःप्रवेशाचा हक्क सांगणारा एक शासन निर्णय, एवढ्याने बऱ्याच जणींची दहावी होईल.

आता इंटर्नकडे परत येतो, कारण फाइलचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे. पॉक्सोचे एकोणिसावे कलम ‘कोणत्याही व्यक्ती’ला लागू आहे. वही घेऊन वस्तीत गेलेला एकवीस वर्षांचा विद्यार्थीही त्यात आला. सतरा वर्षांच्या गरोदर मुलीने विश्वासाने सांगितलेली हकीकत ऐकल्याक्षणी त्याच्यावर कायद्याचे बंधन येते. ही गोष्ट ना त्याला माहीत असते, ना तिला. मग तीच हकीकत नाव बदलून, पण गाव, वय, नवऱ्याचा धंदा सगळे तसेच ठेवून अहवालात छापली जाते. अल्पवयीनांची ओळख उघड होऊ नये म्हणून पॉक्सो आणि बाल न्याय कायद्यांत कलमे आहेत, ती अहवालाला लागू नाहीत अशी समजूत का असावी? ज्या मुलीला काही देण्याची आपली तयारी नाही, तिच्याकडून तिची गोष्ट तेवढी घ्यायची, ही शिकवण वाईट आहे.

वाचनाने कायदा हलतो याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी तो निकाल ओळीओळीने वाचला आणि 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून मुंबईसह देशभर स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. मोर्चे निघाले, घोषणा झाल्या, सारे आवश्यकच होते. पण सुरुवात झाली ती निकालातल्या ‘संमती’च्या अर्थावर बोट ठेवणाऱ्या वाचनाने. पुढे 2007 पासून राज्यात आरोग्य सेवांवरील लोकाधारित देखरेखीच्या जनसुनावण्या सुरू झाल्या, तिथेही गावकऱ्यांच्या हातात कागद असले की अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते हे दिसले.

म्हणून महाविद्यालयांना आणि संस्थांना माझे सांगणे आहे. विद्यार्थ्याला मुलींकडे पाठवण्याआधी कायद्याने त्याच्यावर काय बंधन येते ते लेखी समजावा. त्याला एक योजना, तिचा मूळ कायदा आणि तिचे सगळे शासन निर्णय द्या, आणि अल्पवयीन आई कोणत्या ओळीवर बाहेर पडते ते शोधायला सांगा. माहिती अधिकाराचा अर्ज, मसुदा नियमांवरची हरकत आणि आमदारासाठी दोन पानी टिपण लिहायला शिकवा. इंटर्नला मानधन द्या, म्हणजे ज्या स्त्रिया स्वतः सोळा-सतराव्या वर्षी आई झाल्या आणि आज शिकू पाहत आहेत, त्यांनाही हे काम परवडेल. त्यांच्याइतके या फाइलचे चांगले वाचन दुसरे कोण करील?

शासनाकडे मागण्या तीनच आहेत. मातृत्व लाभातली वयाची अट काढा. अल्पवयीन गरोदर मुलीला आधी उपचार मिळतील आणि तिची ओळख जपली जाईल असे परिपत्रक काढा. आई झालेल्या मुलीच्या शाळेत परतण्याच्या हक्काचा शासन निर्णय काढा. यांपैकी एकासाठीही संसदेत नवा कायदा करावा लागत नाही.

बालविवाह थांबलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण तो थांबवण्यात आपण कमी पडलो त्याची किंमत त्या मुलीने आणि तिच्या बाळाने मोजावी, हे धोरण असू शकत नाही.